दख्खनमधील मोटारींचा वर्षावास : जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या हंगामी साठवणुकीचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

जुन्या मोटारींच्या जतनाविषयी जे लेखन उपलब्ध आहे ते बहुतांशी युरोप व अमेरिकेत निर्माण झालेले आहे. साहजिकच ‘हंगामी साठवणूक’ या संज्ञेचा अर्थ त्यात गृहीत धरलेला असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गाडी आत घ्यायची, चाके जमिनीपासून उचलून ठेवायची आणि मार्च-एप्रिलमध्ये ती पुन्हा रस्त्यावर आणायची, हा त्या लेखनाचा वार्षिक क्रम होय. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे हेच सहा महिने जुनी गाडी चालविण्यास सर्वांत अनुकूल असतात. आकाश निरभ्र असते, हवा कोरडी असते आणि इंजिन तापण्याचे भयही कमी असते. दिल्लीत १९६४ साली सुरू झालेली ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राची जुन्या मोटारींची रॅली हिवाळ्याच्या सुमारास भरत आली आहे, ती याच कारणाने. म्हणजे जेव्हा इंग्लंडमधील मालक गॅरेजचे दार लावून घेतो तेव्हा भारतातील मालक ते उघडतो.

हा भेद केवळ पंचांगाचा नाही. साठवणुकीचे जे तंत्र थंड प्रदेशात विकसित झाले ते दख्खनमध्ये जसेच्या तसे लागू केल्यास गाडीचे रक्षण होत नाही, कित्येकदा हानीच होते. दुसरीकडे, वर्षातील ठरावीक काळ वाहने, शस्त्रे व नौका विश्रांतीस ठेवण्याची एक जुनी रीत या प्रदेशात होतीच. या दोहोंचा संबंध तपासणे आणि त्या प्रकाशात आजच्या कायद्याकडे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

हिवाळी साठवणुकीचा उगम

आरंभीच्या मोटारी बहुधा उघड्या होत्या. बसणाऱ्याला थंडीपासून संरक्षण नव्हते आणि इंजिनालाही नव्हते. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के प्रसरण पावते, त्यामुळे रेडिएटर किंवा इंजिनाचा ओतीव ठोकळा एका रात्रीत तडकू शकत असे. पाणी काढून टाकणे हा सर्वांत सोपा उपाय होता आणि पाणी काढलेली गाडी चालत नाही. पाण्यात मद्यार्क मिसळण्याचा उपाय प्रचलित होता, परंतु तो उडून जाई. इथिलीन ग्लायकॉलवर आधारित ‘प्रेस्टोन’ हे गोठणविरोधी द्रव्य अमेरिकेत १९२७ साली बाजारात आले आणि नित्य वापराच्या बंद मोटारी हिवाळ्यातही धावू लागल्या.

स्पोर्ट्‌स कार मात्र मागे राहिली. दोन आसने, कापडी टप, बाजूला काचांऐवजी लावायचे पडदे अशी तिची घडण असल्याने ती मुळातच उन्हाळ्याची गाडी ठरली. १९४५ ते १९४९ या काळात तयार झालेली इंग्लंडची एमजी टीसी हे तिचे नमुनेदार उदाहरण मानता येईल. तिच्या पत्र्याखाली ॲश लाकडाचा सांगाडा असे. दुसऱ्या महायुद्धानंतर बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकण्याची पद्धत पाश्चात्त्य देशांत सर्रास झाली आणि गाडी आत ठेवण्यास नवे व अधिक सबळ कारण मिळाले. पाण्यापेक्षा क्लोराइडमुळे पत्रा कितीतरी जलद गंजतो. पुढे शासनव्यवस्थांनीही ही सवय मान्य केली. ब्रिटनमध्ये १९९८ पासून वाहन रस्त्यावर नसल्याचे अधिकृत निवेदन देण्याची सोय झाली. जर्मनीने १९९७ साली ठरावीक महिन्यांपुरतीच वैध असणारी हंगामी क्रमांकपट्टी आणि तीस वर्षांवरील ऐतिहासिक वाहनांसाठी स्वतंत्र क्रमांकपट्टी अशा दोन्ही गोष्टी आणल्या. गाडी काही काळ निजलेली असते आणि म्हणून ती मेलेली नसते, हे तेथील कायद्याने ओळखले, असे म्हणता येईल.

मृगापासून दसऱ्यापर्यंत

दख्खनमध्ये विश्रांतीचा काळ पावसाळा हा होता. बौद्ध भिक्षूंचा वर्षावास हे त्याचे सर्वांत प्राचीन व सुपरिचित रूप. आषाढापासून सुमारे तीन महिने भ्रमण थांबवून एका ठिकाणी राहण्याचा हा नियम, आणि अजिंठा, वेरूळ व खुद्द औरंगाबाद येथील लेण्यांतील विहार हे अशा निवासाचेच दगडी अवशेष होत. जैन परंपरेतील चातुर्मास त्याच ऋतुचक्राला धरून आहे. मराठ्यांच्या फौजा पावसाळ्यात छावणीस राहत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघत. कोकण किनाऱ्यावर आगोटीच्या सुमारास होड्या ओढून वर घेतल्या जातात, त्यांवर झापांचे आच्छादन पडते आणि नारळी पौर्णिमेनंतर त्या पुन्हा पाण्यात उतरतात. खंडेनवमीला शस्त्रे व अवजारे घासूनपुसून पूजेला मांडली जातात. धार्मिक आशयाइतकाच व्यवहारही या विधीत आहे, कारण पावसाळ्याने चढविलेला गंज काढण्याची हीच वेळ असते.

मोटार या प्रदेशात आली तेव्हा ती या चक्रात सहज सामावली गेली. आजही दसऱ्याला दुचाकीपासून ट्रकपर्यंत सर्व वाहने धुतली जातात व त्यांना झेंडूच्या माळा चढतात. कोल्हापूरचे उदाहरण या दृष्टीने विशेष बोलके आहे. तेथील शाही दसऱ्याला छत्रपती घराण्यातील मंडळी १९३०च्या दशकातील जर्मन बनावटीच्या मेबॅक मोटारीतून दसरा चौकात येतात. ही गाडी स्पोर्ट्‌स कार नव्हे, परंतु साठवणुकीच्या इतिहासात तिचे स्थान महत्त्वाचे आहे. ठरलेल्या दिवशी हजारो लोकांसमोर गाडी चालू अवस्थेत आणावीच लागते, या एका बंधनाने तिच्या देखभालीला मुदत मिळाली. पुष्कळ संस्थानी गाड्यांना अशी मुदत कधीच नव्हती.

हैदराबाद व इंदूर : साठवणुकीच्या दोन कथा

औरंगाबाद १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. तेव्हा या शहराच्या मोटार-इतिहासाचा आरंभ हैदराबादच्या मोटारखान्यापासून करावा लागतो. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी रोल्स-रॉईस कंपनीची सिल्व्हर घोस्ट मागविली. मागील आसन सिंहासनासारखे उंच असलेली ही पिवळी गाडी १९१२ची म्हणून ओळखली जाते. तिचा साज बार्कर या लंडनच्या कारागिरांनी चढविला. ती येण्यापूर्वीच, ऑगस्ट १९११ मध्ये, महबूब अली खान निवर्तले. उत्तराधिकारी मीर उस्मान अली खान यांच्या काळात ती केवळ समारंभापुरती बाहेर पडे, आणि अनेक दशकांत तिने काही शे मैलांचाच प्रवास केला.

इतकी कमी चाललेली गाडी नव्यासारखी राहिली असेल, अशी कोणाचीही समजूत होईल. प्रत्यक्षात ती जीर्ण झाली आणि पुष्कळ वर्षांनी तिचे पुनरुज्जीवन करून तिला चौमहल्ला राजवाड्यात मांडावे लागले. उस्मान अली खान १९६७ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या गॅरेजमधील सुमारे साठ मोटारींपैकी मोजक्याच चालू स्थितीत होत्या, असे सांगितले जाते. जागेची टंचाई तेथे नव्हती, नोकरांचीही नव्हती. गाड्या छपराखाली होत्या आणि तरीही गेल्या. छप्पर म्हणजे साठवणूक नव्हे, याचा याहून मोठा पुरावा दख्खनच्या इतिहासात शोधूनही सापडणार नाही.

इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) यांची कथा निराळी. १९०८ मध्ये जन्मलेल्या या मराठी संस्थानिकाला आधुनिक अभिरुचीचे वेड होते. एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुरचनाकाराकडून त्यांनी माणिकबाग राजवाडा बांधून घेतला. मोटारींतही त्यांची निवड वेगवान व दोन आसनी गाड्यांकडे झुके. अमेरिकन ड्यूसेनबर्ग कंपनीच्या, सुपरचार्जर बसविलेल्या चासीवर लंडनच्या गर्नी नटिंग यांनी त्यांच्यासाठी बांधलेली स्पीडस्टर ही १९३०च्या दशकातील स्पोर्ट्‌स कारच्या कलेतील एक उत्तुंग नमुना मानली जाते. कंपनीच्या दाव्यानुसार तिचे इंजिन ३२० अश्वशक्तीचे होते. नारिंगी व काळ्या रंगाची ही गाडी पुढे अमेरिकेत गेली आणि तेथे उत्तम स्थितीत राहिली. ती माळव्यातच राहिली असती तर तिचे काय झाले असते, याचे उत्तर हैदराबादच्या गॅरेजवरून कल्पिता येते. स्वातंत्र्योत्तर दोन दशकांत अनेक संस्थानी गाड्या अशाच परदेशी गेल्या. १९७१ मध्ये तनखे रद्द झाले आणि १९७०च्या दशकात १९५० पूर्वीच्या मोटारींच्या निर्यातीवर निर्बंध आले. वारसा देशात राहिला, पण त्याच्या देखभालीचा खर्च उचलणारा मालक मात्र दुबळा झाला. निर्यातबंदीचा हा परिणाम सहसा चर्चिला जात नाही.

हवामान आणि धातू

छत्रपती संभाजीनगर येथे वर्षाला सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, मुंबईत तो २००० मिलिमीटरहून अधिक असतो. त्यामुळे किनाऱ्यापेक्षा मराठवाडा जुन्या गाड्यांना मानवतो, ही सर्वसाधारण समजूत योग्यच आहे. समुद्राचा खार येथे पोहोचत नाही. गोव्यात १९९८ साली सॅन स्टॉर्म ही छोटी दोन आसनी गाडी बाजारात आली, तिची बॉडी फायबरग्लासची होती. किनारपट्टीवर या निवडीचा लाभ आपोआप मिळतो. मराठवाड्याला त्याची तितकी गरज नाही.

तथापि मराठवाड्याची अडचण दोन टोकांची आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांवर जातो आणि दुपारची सापेक्ष आर्द्रता पंचवीस टक्क्यांच्याही खाली उतरते. ऑगस्टमध्ये तीच सत्तरच्या वर राहते. आर्द्रता साठ टक्क्यांच्या पुढे गेली की उघड्या लोखंडावर गंज चढण्याचा वेग झपाट्याने वाढतो, हे संग्रहालयशास्त्रात सर्वमान्य आहे. लाकडाचे दुःख वेगळे. एमजीसारख्या गाडीतील ॲशचा सांगाडा उन्हाळ्यात आकसतो, पावसाळ्यात फुगतो, आणि दरवर्षीच्या या हालचालीने सांधे ढिले होऊन दरवाजे लोंबू लागतात. त्यातच वाळवी. इंग्लंडच्या देखभाल-पुस्तिकेत जिचा उल्लेख असण्याचे कारणच नव्हते अशी ही शत्रू, गाडीखालच्या मातीच्या जमिनीतून ठोकळ्यांवाटे वर चढते. गॅरेजची जमीन फरशीची किंवा काँक्रीटची असावी आणि गाडी लाकडी ठोकळ्यांऐवजी लोखंडी स्टँडवर उचलावी, हा येथील पहिला नियम ठरतो.

बॅटरीच्या बाबतीत पाश्चात्त्य अनुभव अक्षरशः उलटा होतो. तेथे थंडीमुळे बॅटरी दुर्बळ होते, परंतु थंडीतच तिचे स्वयंविसर्जन मंदावते. तापमान दर १० अंश सेल्सिअसने वाढले की शिसे-आम्ल बॅटरीच्या स्वयंविसर्जनाचा वेग सुमारे दुप्पट होतो. इंग्लंडच्या हिवाळ्यात चार महिने तग धरणारी बॅटरी मराठवाड्याच्या उन्हाळ्यात सोडून दिल्यास तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण थर बसतात व ती पुन्हा भारित होत नाही. येथे बॅटरी काढून ठेवणे पुरेसे नाही, तिला महिन्यातून एकदा चार्जिंगला लावावे लागते.

एका सार्वत्रिक सवयीचा उल्लेख येथे अगत्याने केला पाहिजे. बंद गाडी रोज सकाळी पाच मिनिटे चालू करून ठेवणे हे चांगल्या देखभालीचे लक्षण समजले जाते. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने निर्माण होते. इंजिन पूर्ण तापले तर ती वाफ बाहेर पडते. पाच मिनिटांत ते तापत नाही आणि हे पाणी सायलेन्सरमध्ये व इंजिन ऑइलमध्ये साचून राहते. पावसाळ्यात तर ते सुकण्याचा संभवच नाही. गाडी चालू करायची तर अर्धा तास रस्त्यावर न्यावी, अन्यथा सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडून तिला स्वस्थ निजू द्यावे. प्लॅस्टिकच्या ताडपत्रीचेही असेच आहे. पाऊस आत येऊ नये म्हणून घातलेली ताडपत्री जमिनीतून उठणारा ओलावा आतच कोंडते. त्यापेक्षा जुन्या सुती चादरी शतपटीने बऱ्या. सामान्य ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट-३ प्रकारच्या कोऱ्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो, ओलावा शोषल्यावर तो १४० पर्यंत खाली येऊ शकतो. ते दर दोन वर्षांनी, शक्यतो दसऱ्यापूर्वी, बदलणे इष्ट. उंदरांविषयी काही लिहिण्याची गरज नाही, प्रत्येक मालकाला तो अनुभव असतो.

इंधनाचा प्रश्न मात्र अलीकडचा व गंभीर आहे. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण भारतात २०२२ मध्ये १० टक्के झाले आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉल पाणी ओढून घेते. पुरेसे पाणी मिसळले गेले की ते पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते, नेमके जेथे पत्रा सर्वांत आधी गंजतो तेथे. जुन्या रबरी नळ्या व गॅस्केट त्याने फुगतात. टाकी काठोकाठ भरून ठेवावी म्हणजे आत ओली हवा राहत नाही, हा जुन्या पुस्तिकांतील सल्ला त्या काळच्या पेट्रोलपुरता बरोबर होता. आज चार महिन्यांच्या साठवणुकीसाठी टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करून कोरडे करणेच श्रेयस्कर दिसते.

पंधरा व पन्नास यांमधील वर्षे

केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये अधिसूचित केलेल्या नियमांनी ‘व्हिंटेज मोटार वाहन’ ही संज्ञा प्रथमच नोंदणीच्या व्यवहारात आणली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेले, मूळ स्वरूपात राखलेले, अव्यापारी वाहन त्यात येते. नव्या नोंदणीसाठी वीस हजार व फेरनोंदणीसाठी पाच हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत, नव्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे, आणि प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व दुरुस्ती यांपुरताच रस्त्यावरील वापर, अशी त्याची रूपरेषा आहे. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना क्रमांक राखता येतो, ही तरतूद इतिहासाच्या दृष्टीने फार मोलाची आहे.

परंतु खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. त्याचे शुल्क एप्रिल २०२२ पासून पाच हजार रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी दहा हजार करण्यात आले. राज्याचा हरित कर त्याखेरीज. पंधराव्या व पन्नासाव्या वर्षांच्या मधील गाडी कायद्याच्या लेखी केवळ जुनी व प्रदूषक असते. आंतरराष्ट्रीय ऐतिहासिक वाहन महासंघाने हीच मर्यादा तीस वर्षांची मानली आहे, जर्मनीनेही तीसच.

छत्रपती संभाजीनगरला हा प्रश्न दूरचा वाटू नये. बजाज ऑटोचा वाळूज येथील कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि २००१ मध्ये शेंद्रा येथे स्कोडाची ऑक्टेव्हिया जोडली जाऊ लागली. याच ऑक्टेव्हियाची १.८ लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाची आरएस ही वेगवान आवृत्ती २००४ साली भारतात आली. १५० अश्वशक्तीच्या या गाडीला आपल्याकडील मोटारशौकिनांत आजही मोठा मान आहे. स्पोर्ट्‌स कार या संज्ञेच्या जितक्या जवळ जाणारी गाडी या शहराच्या परिसरात जोडली गेली असेल, त्यांत हिचा क्रम वरचा लागेल. २००४ मध्ये ‘एमएच-२०’ मालिकेत नोंदलेली अशी गाडी २०१९ मध्ये पहिल्या नूतनीकरणास आली असेल. व्हिंटेज दर्जासाठी तिला २०५४ पर्यंत थांबावे लागेल. तोवर सात नूतनीकरणे आणि पन्नास पावसाळे होतील.

जर्मनीप्रमाणे तिला हंगामी नोंदणी मिळती, तर मृगापासून दसऱ्यापर्यंत ती निर्धास्तपणे आत राहू शकली असती. जर्मनीने हिवाळा गृहीत धरला, येथे पावसाळा धरावा लागेल, एवढाच फरक. अशी मागणी रॅली भरविणाऱ्या संस्थांकडूनही ठळकपणे पुढे आलेली दिसत नाही. त्यांचे लक्ष १९५० पूर्वीच्या संस्थानी गाड्यांवर केंद्रित असते, आणि त्या गाड्यांचे भवितव्य एव्हाना बऱ्यापैकी सुरक्षित आहे.

ऑक्टेव्हियाच्या पिढीच्या साठवणुकीचे तंत्रही अजून लिहिले गेलेले नाही. सिल्व्हर घोस्टमध्ये पितळ, कातडे व लाकूड होते, ऑक्टेव्हियात टर्बोच्या रबरी नळ्या, प्लॅस्टिकचे जोड आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रक आहेत. नियंत्रकातील विद्युत-अपघटनी कपॅसिटर चाळीस अंशांच्या गॅरेजमध्ये गाडी एक किलोमीटरही न चालता निकामी होऊ शकतात, आणि ते बदलून देणारे कारागीर मोटारीच्या गॅरेजपेक्षा दूरदर्शन संच दुरुस्त करणाऱ्यांत अधिक सापडतात. वाळूज व शेंद्रा येथील पहिल्या पिढीचे पुष्कळसे कामगार आता निवृत्तीच्या वयाचे आहेत किंवा त्याच्या जवळ पोहोचले आहेत. कोणत्या जोडाला कोणते सील बसविले जाई, कोणता पत्रा कोठून आधी गंजे, हे त्यांना तोंडपाठ असते. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी या मंडळींच्या मौखिक मुलाखती घेणे, आणि भौतिकशास्त्र विभागांनी शहरातील एखाद्या बंद गॅरेजमधील तापमान व आर्द्रता यांची जून ते मे अशी वर्षभराची नोंद ठेवणे, ही दोन्ही कामे अल्प खर्चात होण्याजोगी आहेत. दुसऱ्या कामासाठी लागणारा आर्द्रतामापक बहुतेक प्रयोगशाळांत आधीपासूनच असतो.